वाणात आलेला फोन

आमच्या गावात पिठाची गिरणी एकच, आणि ती आमची. गंगाखेडहून येणारी एसटी जिथं वळते तिथं पत्र्याचं शेड आहे. दारात बाभळीचा ओंडका टाकलेला, त्यावर डबे घेऊन बाया बसलेल्या असतात. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सोनपेठकडच्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना हेच सांगितलं होतं की पाव्हण्याला रान आहे, वर गिरणी आहे, पोरगी उपाशी राहायची नाही. नाहीच राहिले. भाकरीबद्दल माझी तक्रार आजही नाही.

गिरणीचा धंदा बायांच्या भरवशावर चालतो. सुना येतात, लेकी येतात, पदरावर पीठ उडालं की तिथंच उभ्या राहून झटकतात. गिरणीवाला नजरेनं साफ असावा लागतो. त्याच्याबद्दल एकदा कुजबुज सुरू झाली की डबे पुढच्या गावाला जायला वेळ लागत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जिथं जिथं तोंड शिवून बसले ते याच्यापायी.

सुरुवात भगरीपासून झाली. उपवासाचं दळण ज्वारीवर टाकायचं नाही, हा गिरणीतला पहिला नियम. आधी दगड झाडायचे, मूठभर भगर वाया घालवून आतलं जुनं पीठ काढायचं, मग दळायला घ्यायचं. माझ्या नवऱ्याला हे सासऱ्यांनी हाताला धरून शिकवलेलं. सासरे गेले, तरी त्याच्या हातून कधी चूक झाली नव्हती. त्या एकादशीच्या आदल्या दिवशी मात्र वरच्या आळीतल्या काकूंची भगर त्यानं सरळ ज्वारीवर ओतली. काकूंनी दुसऱ्या दिवशी भाकर थापली, एक घास खाल्ला आणि डबा घेऊन तशाच आमच्या दारात आल्या. विधवा बाई, एवढ्या वर्षांत एक एकादशी मोडली नव्हती. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुजं ध्यान कुठं ऱ्हातंय रं आजकाल?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी काकूंचे पाय धरले, चहा विचारला, उपवासाला चहा चालतो म्हणून त्या थोड्या टेकल्या. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण नळावर मी हे रोजच ऐकत होते. कुणाचं पीठ करपलं, कुणाची डाळ भरड पडली, एकीचा गहू दुसरीच्या डब्यात गेला. हाका मारल्या तरी ऐकत नाही, म्हणायच्या. बायांनी आपल्या मनानं दोन कारणंही काढून ठेवली होती. एक तर दारू, नाहीतर बाई.

मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. दारू नव्हती. मग खिसे बघितले, कोण कधी डबा घेऊन येते ते बघितलं, गिरणीकडं तोंड करून नटून जाणारी कोण ते बघितलं. तशी कोणीच नव्हती. त्या दिवसांत माझा नवरा बायांकडं बघतच नव्हता, माझ्याकडंही नाही. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि सासूबाईंनी मला गंगाखेडच्या डॉक्टरीणबाईंकडं फिरवून आणलं होतं. बाईंनी सगळ्या तपासण्या करून, सगळं ठीक आहे, आता मिस्टरांना घेऊन या, म्हणून सांगितलं. सासूबाईंनी बाहेर आल्यावर मला बजावलं की हे शेवटचं वाक्य घरी काढायचं नाही. दोष कोणाचा, याचा निकाल त्यांनी एसटीतच लावून टाकला. मी तो ऐकून घेतला. एरवी मी ऐकून घेणारी बाई नव्हे.

मग एका दुपारी लाईट गेलेली होती. गिरणी बंद, ओंडका रिकामा. भाकर घेऊन मी गेले तर दार आतून लोटलेलं. मागच्या बाजूला, बारदान्याच्या ढिगाऱ्यावर, भिंतीकडं तोंड करून तो बसला होता. कानात वायरी, हातात फोन. मी अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळलं नाही. काय बघितलं ते मी लिहिणार नाही. लिहिण्यासारखं त्यात काही नाही आणि वाचणाऱ्याला ते कळलंच असेल. माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. फोनच्या काचेवर पिठाच्या बोटांचे ठसे होते, एकावर एक, इतके की मधली काच तेवढी घासून लख्ख झाली होती. हे आजचं नाही, रोजचं आहे, हे मला त्या ठशांवरून कळलं.

मी त्याला काय काय बोलले ते सांगत नाही. माझ्या जिभेला हाड नाही हे सासर-माहेर दोन्हीकडं माहीत आहे. किळस आली होती मला. भाकर तिथंच ठेवून मी घरी आले आणि आरशापुढं उभी राहिले. माझ्यात काय कमी आहे, हे मी कितीतरी वेळ शोधत होते. आज त्या आरशापुढच्या बाईचा मला राग येतो, पण त्या दिवशी दुसरं काही सुचलंच नाही.

पिशवी भरून माहेरी जावं असं वाटलं. पण जाऊन सांगू काय? नवरा दारू पितो म्हटलं असतं तर चार माणसं बसली असती. कुणी शपथ घ्यायला लावली असती, कुणी गळ्यात माळ घालायला नेलं असतं. बाई ठेवली म्हटलं असतं तर अण्णा भावकीला घेऊन आले असते. दारूला इलाज आहे, बाईला बैठक आहे. याला आमच्याकडं नावसुद्धा नाही. आणि समजा मी नाव काढलं आणि ते चार घरी गेलं, तर गिरणीत कोणती आई आपल्या लेकीला डबा देऊन पाठवील? मीच पाठवली नसती.

बरेच दिवस आम्ही बोललो नाही. मी ताट सरकवायची, तो खायचा. शेवटी उसाला पाणी द्यायला गेलो होतो तेव्हा, सरीत पाणी सोडून, बांधावर पाठमोरा बसून तोच बोलायला लागला. आयटीआयला असताना परभणीत खोली करून राहत होता, तिथं चार पोरांत एक फोन होता, तिथून हे लागलं. पुढं स्वतःचा फोन आला. तरी कधीमधी असायचं. सासरे वारले आणि गिरणीत तो एकटा पडला, लाईट गेली की तास न् तास बसून राहायचं, कुणाशी बोलायचं नाही, तेव्हापासून ते वाढत गेलं. लग्न झालं की आपोआप सुटेल असं त्याला वाटलं होतं. सुटलं नाही. उलट मी समोर असले तरी डोक्यात तेच यायचं आणि त्या शरमेनं तो पाठ करून झोपायचा.

“बघून झालं की सोताची घाण वाटती,” तो म्हणाला. “मग दिवसभर कशातच मन लागत न्हाई. अन् मन लागत न्हाई म्हणून परत तेच बगतो. मला ते आवडतंय म्हणून न्हाई गं. आवडायचं कवाच संपलं.”

मी त्याच्या पाठीकडं बघत होते. मला राग होताच, तो काही गेला नाही. पण त्या रागात पहिल्यांदा भीती मिसळली. वाईट माणसाशी भांडता येतं. हा माणूस वाईट नव्हता, त्याच्या हाताला धरून कुणीतरी त्याला ओढत नेत होतं, आणि ते कोण ते मला दिसत नव्हतं.

परभणीला मनाचे डॉक्टर आहेत हे मला गावातल्या आशाताईंकडून कळलं. मी, माझ्या माहेरच्या बाईला झोप येत नाही, असं सांगून पत्ता काढला. सासूबाईंना सांगितलं की मुलाबाळासाठी दोघं दाखवून येतो. त्यांनी आनंदानं दोन धपाटे जास्त बांधून दिले. दवाखान्यात माझा नवरा खुर्चीच्या कडेवर असा बसला होता की कुणी ओळखीचं आलं तर तिथूनच पळता यावं.

डॉक्टर साधा माणूस होता. त्यानं पाप-पुण्य काही काढलं नाही. तुमच्याकडं अशी माणसं येतात का, मी विचारलं, तर तो म्हणाला की रोज येतात, फक्त झोप येत नाही म्हणून येतात. मग त्यानं नवऱ्याला खोदून खोदून विचारलं की हात फोनकडं कधी जातो. एकटं असताना. लाईट गेली की. कुणी बोललं की. आईनं पाळण्याचा विषय काढला की. डॉक्टर म्हणाला, तंबाखूसारखीच ही तलफ आहे, ती येते, चढते, आणि तिला काही दिलं नाही तर उतरते. तेवढा वेळ माणसात काढायचा. फोन हा काही आजार नव्हे, पण सुरुवातीला तो हाताशी नको. आणि मध्ये एखादे दिवशी घसरलात तर सगळं बुडालं असं समजून बसू नका, त्या समजुतीनंच माणूस पुन्हा पुन्हा घसरतो. मला तो म्हणाला की तुम्ही पोलीस होऊ नका. माझा स्वभाव त्याला एका भेटीत कळला होता.

त्या संक्रांतीला नवऱ्यानं मोठा फोन माझ्या हातात दिला. मी त्याला लॉक घालून माझ्या पेटीत टाकला, बँकेचा मेसेज बघायला तेवढा काढायचा. त्यानं माझ्यासारखा बटनांचा फोन घेतला. लाईट गेली की तो आता आत बसायचा नाही. पट्टा तपासायचा, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून खाचा पाडायचा, नाहीतर बाहेर ओंडक्यावर म्हाताऱ्यांत येऊन बसायचा. आणि अगदीच तलफ आली तर मला मिस कॉल द्यायचा. बोलायचं काही नाही, नुसती रिंग. मी हातातलं टाकून चहाचा डबा घेऊन गिरणीत जायचे. सासूबाई म्हणायच्या, आत्ताच तर पिऊन गेला. मी म्हणायचे, पुन्हा मागितला.

गावानं त्याचा वेगळा अर्थ लावला. गिरणीवाला बायकोच्या मुठीत गेला, मोबाइल काढून घेतला, दिवसातून चार वेळा चहाच्या निमित्तानं बघायला येती, पोराचा नुसता बैल करून ठिवलाय. तरण्या पोरी मला बघून हसायच्या. मला राग यायचा आणि हसूही यायचं. कारण गिरणीत आम्ही खरंच बोलायला लागलो होतो. तो दगडाला टाकी घालायचा, मी ओंडक्याच्या टोकाला बसायची, आणि लग्नाआधी ज्या गोष्टी बोलायच्या राहिल्या होत्या त्या निघायच्या. त्याला भेळ आवडते हे मला तेव्हा कळलं. मध्येच एकदा तो घसरला, कुणाच्या तरी फोनवर. संध्याकाळी येऊन स्वतः सांगितलं. मी पोलीस झाले नाही, त्यासाठी मला ओठ चावून धरावा लागला. पण त्यानंतर मिस कॉल कमी होत गेले. वरच्या आळीच्या काकूंनी पुन्हा भगर आणून दिली आणि पीठ बघून काही बोलल्या नाहीत, म्हणजे पास केलं. एके दिवशी तो माझ्याकडं बघून नुसता हसला, काही कारण नसताना, आणि मी कोपऱ्यात जाऊन रडले. पाळण्याचं पुढं बघू, मला एवढा माणूस परत मिळाला तरी पुरे होतं.

मग धोंड्याचा महिना आला.

लग्नानंतरचा आमचा पहिलाच धोंडा. तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, त्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून जेवू घालायचं, जावयाला नारायण समजून त्याचे पाय धुवायचे आणि वाण द्यायचं. आमच्याकडं दिवाळीपेक्षा याचं कौतुक जास्त. अण्णांनी ऊन चढायच्या आत या म्हणून निरोप दिला. आम्ही सकाळच्याच एसटीनं निघालो. नवऱ्यानं नवा शर्ट घातला होता. वाटेत तो म्हणाला की परत येताना सोनपेठला भेळ खाऊ. इतका मोकळा मी त्याला कधी बघितला नव्हता.

माहेरी अंगण सारवलेलं, दारात पाट मांडलेला, भावकीतली माणसं ओट्यावर बसलेली. अण्णांनी परातीत नवऱ्याचे पाय घेतले. माझे अण्णा उन्हातान्हात राबून काळे पडलेले, गुडघा दुखत असताना खाली बसून त्यांनी दुधा-पाण्यानं ते पाय धुतले, स्वतःच्या धोतरानं पुसले. नवरा अवघडून गेला होता. आईनं ओवाळलं. तांब्याचं ताट आलं, त्यात अनारसे, दिवा, कपडे, टोपी. सगळ्यात वर हळदीकुंकू लावलेलं एक चपटं खोकं. भावकीतल्या कुणीतरी म्हटलं, उघडून दाखवा, सगळ्यांना बघू द्या. अण्णांनीच खोकं उघडलं. मोठ्या काचेचा नवा फोन होता. आईनं त्याच्याही पाठीवर हळदीकुंकवाची बोटं लावली होती.

“पाव्हण्याकडं साधा फोन बगून बरं वाटत न्हवतं,” अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या फोनला रबर गुंडाळलेलं आहे, ते काढलं तर बटनं खाली पडतात.

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. पाण्यात पडलेलं माणूस काठावरच्याकडं बघतं तसं. आणि मी काठावर हात बांधून उभी. वाण नाकारायचं नसतं, चार माणसांत तर नाहीच, नारायणानं नको म्हणायचं नसतं. तरी मी बोलले. म्हटलं, अण्णा, एवढा मोठा कशाला, त्यांना त्याची सवय नाही, तुम्हालाच ठेवा. ओट्यावरची माणसं हसली. अण्णांचा चेहरा मात्र पडला. त्यांना वाटलं, लेकीला वाण हलकं वाटलं, म्हणून ती वळणानं बोलते आहे.

आत चुलीपाशी आईनं मला धरलं. काही कमी पडलं का, तिनं विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होते कोण जाणे. तेवढ्यात आईच म्हणाली, “तुज्या सासूबाईचाच फोन आलता. म्हणत हुत्या, गावात लोक हसायलेत, पोराच्या हातात धड फोन न्हाई. तवा तुज्या बापानं मनावर घेतलं.” आणि मग पदरानं डोळे पुसत, “आमाला दुसरं काय करता येतंय तुज्यासाठी?”

मी तोंड मिटलं. धोंडा तुपात बुडवून खाल्ला.

परतीच्या एसटीत खोकं माझ्या मांडीवर होतं. सोनपेठला भेळ खायची राहिली, दोघांनीही विषय काढला नाही. घर जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, “तूच ठिव.” मी फोन पेटीत ठेवला, जुन्याशेजारी. दोन दिवस तो तिथं राहिला. मग सासूबाईंनी शेजारणींना दाखवायला मागितला आणि पेटीत आहे म्हटल्यावर त्यांचा पारा चढला. त्याच्या सासऱ्यानं पाय धुवून दिलेलं वाण, पेटीत कोंडतेस? जळतेस का नवऱ्याच्या मानावर? त्यांनी तो स्वतः काढून घेतला, त्याच्या बटनांच्या फोनातलं कार्ड त्यात घालून आणलं आणि सकाळी गिरणीत जाताना लेकाच्या खिशात घातला. रोज सकाळी घालायच्या. संध्याकाळी तो माझ्याकडं द्यायचा, सकाळी त्या पुन्हा मागून न्यायच्या. त्यांना सांगावं तर त्या आई आहेत, आणि शिवाय त्यांच्या पोटात काही राहत नाही. नवरा म्हणाला, आईला कळलं तर मी हितं ऱ्हाऊ शकणार न्हाई. तो असं म्हणाला की मी पुन्हा विचारलं नाही.

आधी काहीच झालं नाही. मिस कॉल यायचे, मी चहा न्यायची. फोन बाकड्यावर पालथा ठेवलेला असायचा, पाठीवरचं हळदीकुंकू वर. मला वाटलं, निभेल. मग पाऊस लांबला, उकाडा वाढला, लाईट दुपारभर जायला लागली आणि मिस कॉल बंद झाले. कमी नाही झाले, बंद झाले. मी स्वतःहून चहा घेऊन गेले की तो, कामून आलीस, म्हणायचा. नळावर एक जण म्हणाली, तुमचं पीठ परत करपायलंय. मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता, आणि संक्रांतीपासून तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता. तेवढं तरी मला मोडायचं नव्हतं.

तो आला एका भर दुपारी. सासूबाई शेजारी वाकळ शिवायला गेल्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पीठ, डोळे तेवढे लाल. फोन त्यानं उंबऱ्यावर ठेवला.

“रोजच चाललंय,” तो म्हणाला. “म्या लय केलं. तुला मिस कॉल द्यायला त्योच फोन हातात घ्यावा लागायचा. हा घरात नको. मी तुज्या पाया पडतो, हा घरात नको.”

मी म्हटलं, फोडू. तो म्हणाला, तुझ्या बापानं दिलेला आहे, मला नाही जमणार. मलाही जमेल असं वाटलं नव्हतं. पाटा अंगणात होता, वरवंटा घेऊन मी फोन पालथा ठेवला तर कॅमेऱ्याच्या खोबणीत आईच्या बोटाचं कुंकू अजून होतं. एवढ्या दिवसांत सगळं पुसलं गेलं, तेवढंच राहिलं होतं. मी फोन उलटा केला, काचेची बाजू वर. पिठाचे ठसे दिसले आणि मग हात थांबला नाही. वरवंट्यानं मी तो असा ठेचला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. नवरा उंबऱ्यावर बसून बघत होता. आम्ही दोघांनी मिळून तुकडे वेचले. बारीक काच त्याच्या बोटात घुसली, ती मी सुईनं काढली.

फोन फोडून काही सुटत नाही, हे मला माहीत आहे. गावात घरोघर फोन आहेत, ओंडक्यावर बसलेल्या पोरांच्या हातात आहेत. डॉक्टरकडं पुन्हा जायचं, पुन्हा पट्टा, पुन्हा टाकी, पुन्हा चहा. तरी त्या दिवशी घर हलकं झाल्यासारखं वाटलं. सासूबाईंना मी सांगितलं की माझ्या हातून पडला आणि वरून वरवंटा पडला. त्यांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. राहता राहिले अण्णा. त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगायचं ठरवलं. माझ्या बटनांच्या फोनवरून लावला. नवरा शेजारी बसला होता. त्या फोनचा आवाज एवढा मोठा की दोघांना ऐकू येतो.

मी म्हटलं, “अण्णा, वाणाचा फोन फुटला. माज्या हातनं पडला.”

ते चिडावेत असं मला फार वाटत होतं. नीट जपता येत नसेल तर पुन्हा काही देणार नाही, असं त्यांनी एकदा म्हणावं, म्हणजे सुटले.

“तुला कुठं लागलं न्हाई ना?” त्यांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग रडायलीस कामून? फुटायचीच वस्तू हाय ती. पाव्हण्याला म्हणावं, मन छोटं करू नका. दिवाळीला ह्याच्यापेक्षा चांगला घिऊ.”

नवऱ्यानं माझ्या हातातून फोन घेतला. त्याच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

“मामा, नको,” तो म्हणाला. “खरंच नको. मी हात जोडतो.”

अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना इतकं मोकळं हसताना ऐकलं.

“जावयानं असंच म्हणायचं असतंय,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.